वय वाढलं की विसरायला होतं, मग नेमकं करायचं काय?

साठीनंतर ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी आठवलं नाही की लगेच मनात येतं, आपल्याला अल्झायमर तर नाही ना झाला. घाबरू नका प्लीज. मेमरी सगळी एकत्र खाली जात नाही. शब्दांचा साठा, आयुष्यभर कमावलेली माहिती, हाताला बसलेली कामं सत्तरीतही छान टिकतात, कमी होतो तो वेग, आणि नवीन गोष्ट डोक्यात पक्की बसायला वेळ लागतो. नवीन आठवणी बनवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग उतारवयात वर्षाला साधारण १ ते २ टक्के आकसतो. पण मेंदू हात टेकत नाही, तरुणपणी कपाळामागची एकच बाजू जास्त वापरून जे काम व्हायचं त्याला म्हातारपणी दोन्ही बाजू जुंपलेल्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतात.

म्हणून पहिलं म्हणजे एका वेळी एकच काम करा. टीव्ही चालू, फोन कानाला आणि त्यातच किल्ली कुठेतरी ठेवली तर ती "विसरली" नाही, ती मुळात नोंदलीच गेली नाही! किल्ली ठेवताना तोंडाने बोला, "किल्ली टेबलावर ठेवली", आणि जागा शक्यतो ठरलेलीच ठेवा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, परत परत वाचत बसू नका, पान बंद करून आठवून बघा. थोड्या वेळाने पुन्हा, मग उद्या, मग आठवड्याने. आठवायला जो जोर लागतो ना त्यानेच आठवण पक्की होते. नवीन माणूस भेटला की बोलताना त्याचं नाव एकदोनदा घ्या, घरी गेल्यावर परत आठवा. नाव जिभेवर येऊन अडलं तर झटापट करू नका, तो माणूस कुठे भेटला होता, सोबत कोण होतं ते आठवा, बऱ्याचदा नाव आपोआप येतं.

गोळ्यांच्या वेळा, अपॉइंटमेंट वगैरे सरळ मोबाईलच्या अलार्मवर टाका, त्यात कमीपणा कसला.

चालणं मात्र सोडू नका. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर केलेला एक अभ्यास छापून आला, त्यात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा कमीच झाला. ऐकू कमी येत असेल तर मशीन लावायला लाजू नका, नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात राहणार काय, शिवाय बहिरेपणाकडे दुर्लक्ष केल्याने डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोकाही वाढतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? किल्ली सापडत नाही हे चालतं, किल्लीचं करायचं काय हेच कळत नसेल, रोजच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत परत विचारला जात असेल तर लगेच जा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा, कारण झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं, आणि बी-१२, थायरॉइड, डिप्रेशन हेही तपासायला सांगा, यातलं काही निघालं तर त्यावर उपचार आहेत.