लोकर कैचीआधीच बिघडते: मेंढपाळांनो, या चुका टाळा

लोकर तुटकी निघाली, घेणाऱ्याने भाव पाडला, की दोष कातरणाऱ्यावर येतो. माझ्या पाहण्यात बिघाड त्याच्या कितीतरी आधी, मेंढीच्या अंगावरच झालेला असतो. दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. त्यातली मूठभर वाया जाणंही परवडत नाही.

आधी परीक्षा करा. खांद्यामागून पेन्सिलीएवढी लट काढा, दोन्ही टोकं घट्ट धरा आणि कानाजवळ झटका द्या. टणत्कार झाला तर लोकर दमदार. एकाच जागी तटकन तुटली, तर ती जागा नीट बघा. शेंडा जुना, कातडीलगतचा भाग ताजा. मार्चला कातरून ऑक्टोबरच्या कातरणीत लट मधोमध तुटत असेल, तर जून-जुलै आठवा. चारा संपला होता? मेंढी तापली होती? व्यायल्यावर पोटाला कमी पडलं? आपल्याकडे मेअखेर धुऱ्यावर काडी उरत नाही. पऱ्हाटीचं रान संपण्याआधीच तुरीचं, हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीतला सुका भुसा, राखून ठेवा. पाऊस पडल्यावर कोवळ्या ज्वारीत मात्र कळप सोडू नका, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून जनावर बघता बघता जातं.

गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालणं ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती मायेपोटी होते. त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही. यकृतात साचत राहतं आणि धडधाकट दिसणारी मेंढी एकाएकी मरते. मेंढीचं मिश्रण वेगळं मागून घ्या.

दिवाळीच्या सुमारास पडीक रानातलं कुसळ पिकतं. लोकरीत घुसलेलं कुसळ पिंजताना निघत नाही, कातडीतही रुततं. कातरणी त्याआधी उरका. उन्हाळ्याची कातरणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात उघडी कातडी भाजते.

आमच्या गावचे एक म्हातारे धनगर काकाजी सांगत, "मेंढरू ओलं असलं त कैचीले हात लाऊ नोको." नाल्यावर धुतल्यावर दोन दिवस स्वच्छ जागी वाळू द्या. ओली लोकर ढिगात तापते, पिवळी पडते, बुरशी धरते. खताच्या प्लास्टिक पोत्यात तर भरूच नका, त्याचे धागे लोकरीत मिसळतात. जुनं सुती कापड पुरे. खुणेसाठी डांबर लावू नका, ते धुऊन निघत नाही. एकाच जागी दोनदा कातर चालवली की बारीक तुकडे पडतात, सुतात ते टिकत नाहीत.

आणि कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मोठ्या मेंढ्यांच्या ढिगात टाकू नका. तेवढी मऊ लोकर त्या जनावराच्या अंगावर पुन्हा येत नाही. जावळाची घोंगडी वेगळ्या भावाने जाते, म्हणून त्याचं गाठोडं पहिल्या दिवसापासून वेगळं बांधा.