सूत्राआधी अंदाज लिहा
प्रौढ वयात भौतिकशास्त्र पुन्हा शिकताना सूत्राकडे वळण्यापूर्वी उत्तराचा अंदाज कारणासह एका वाक्यात लिहून ठेवावा. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचे त्वरण, म्हणजे वेगातील बदलाचा दर, किती असते? अनेकांच्या मनात ‘शून्य’ येते, कारण वेग आणि त्वरण या दोन कल्पना शाळेपासूनच एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रत्यक्षात तेथेही त्वरण खालच्या दिशेने सुमारे ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद इतकेच असते, कारण गुरुत्वाकर्षण त्या क्षणीही चालूच असते (त्वरण शून्य होऊन तसेच राहिले असते, तर चेंडू तिथेच लटकला असता!). चुकलेला अंदाज खोडू नये. गफलत नेमकी कोठे झाली, ते त्याच्याखाली लिहावे आणि मगच आकडेमोड करावी.