निर्वासित पोलिश सैन्याचा प्रवास शाळेच्या नकाशावर कसा दाखवावा

नववी-दहावीच्या वर्गाला दुसरे महायुद्ध शिकवताना मराठवाड्यातील शिक्षकांनी हा पाठ १७ सप्टेंबरच्या आसपास घ्यावा. मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन झालेले असते आणि निजामाच्या हद्दीबाहेर कॅम्प उभारून लढलेल्या कार्यकर्त्यांच्या आठवणी मुलांनी नुकत्याच ऐकलेल्या असतात. १९३९ साली याच तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. पश्चिमेकडून जर्मनीने १ सप्टेंबरलाच हल्ला केला होता. मातृभूमीबाहेर राहून तिच्यासाठी लढणे म्हणजे काय, हे यामुळे मुलांना चटकन उमगते. तुलना मात्र तेवढ्यावरच थांबवावी.

जगाचा मोठा नकाशा, टाचण्या आणि निळा व तांबडा दोरा एवढे साहित्य पुरते. भिंतीवरील नकाशा आजच्या सीमांचा असतो, म्हणून १९३९ मधील पोलंडची सीमा आधी पेन्सिलीने आखून घ्यावी. ल्वूफ आज युक्रेनमध्ये आणि व्हिल्नो आज लिथुआनियात आहे, हे येथे सांगितले नाही तर पाठाचा शेवट मुलांना कळणार नाही.

पश्चिमेकडे निसटलेल्या सैनिकांचा निळा दोरा रुमानिया आणि हंगेरीमार्गे फ्रान्सला न्यावा व जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर पंतप्रधान शिकोर्स्की यांच्या सरकाराबरोबर लंडनला आणावा. ब्रिटनवरील हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिक उतरले होते आणि त्यांच्या ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने मोठे नाव कमावले. पुढे हाच दोरा ऑगस्ट १९४४ मध्ये जनरल माचेक यांच्या चिलखती डिव्हिजनबरोबर नॉर्मंडीत उतरतो. येथे फार रेंगाळू नये.

खरा वेळ तांबड्या दोऱ्याला द्यावा. सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश नागरिकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, मॉस्कोच्या तुरुंगातून सुटलेल्या जनरल आंदेर्स यांच्याकडे सेनापतिपद आले आणि हद्दपारीच्या छावण्यांतील माणसांतूनच फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये क्रास्नोव्होद्स्कहून (आजचे तुर्कमेनबाशी) कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी (आजचे अंजली) बंदरात एक लाखाहून अधिक लोक उतरले, त्यांत बायका-मुलेही होती. येथून दोऱ्याचा एक फाटा कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीकडे वळवावा, कारण यांतील अनेक कुटुंबे पुढे काही वर्षे तेथे राहिली. नकाशावर आपल्या राज्यातले गाव दिसताच मागच्या बाकांवरची मुलेही पुढे येतात.

मुख्य दोरा इराक, पॅलेस्टाइन आणि मग इटली असा न्यावा. इटलीतील मॉन्टे कॅसिनोच्या मठाच्या डोंगरावर जर्मनांविरुद्ध फेब्रुवारी-मार्च १९४४ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनचे हल्ले अयशस्वी ठरले होते. मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने खाली नदी ओलांडली, वरचा डोंगर जिंकण्याचे काम आंदेर्स यांच्या पोलिश कोअरकडे (अनेक डिव्हिजनांच्या सैन्यदलाकडे) होते आणि १८ मे रोजी मठाच्या ढिगाऱ्यावर त्यांचा झेंडा लागला. तेथील दफनभूमीत एक हजाराहून अधिक पोलिश सैनिक आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर सुरू झालेल्या चढाईतही पोलिश आणि भारतीय एकाच आघाडीवर होते. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवसाच्या पराक्रमाबद्दल. सोव्हिएत फौजेबरोबर बर्लिनपर्यंत गेलेले बेर्लिंग यांचे पोलिश सैन्य निराळे होते. त्याचा दोरा येथे मिसळू नये.

२१ एप्रिलला बोलोन्यात शिरलेला तांबडा दोरा शेवटी ब्रिटनला नेऊन थांबवावा. एखादा विद्यार्थी तो घरी, ल्वूफला, न्यायला सांगतोच. त्या वेळी पेन्सिलीची जुनी सीमा दाखवून सांगावे की फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले आणि आंदेर्स यांच्या बहुतेक सैनिकांची घरे त्याच भागात होती. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ८ जून १९४६ च्या लंडनमधील विजय संचलनात ही फौज नव्हती; केवळ काही वैमानिकांना निमंत्रण होते आणि बाकीच्यांना वगळल्यामुळे त्यांनी ते नाकारले. ल्वूफची टाचणी तशीच रिकामी ठेवावी.