कर्नलचं डीबगिंग आणि प्रोफाइलिंग : या चुका टाळा

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिल्ड करताना मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या पडद्यावर डीबगिंगच्या ‘कर्नल हॅकिंग’ मेनूत शिरायचं आणि दिसेल तो पर्याय चालू करायचा, ही सवय सगळ्यात महागात पडते. बग शोधायचा कर्नल वेगळा आणि वेग मोजायचा वेगळा. केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन चालू असलं की कंपायलर मेमरीच्या जवळपास प्रत्येक वापराआधी तपासणी घालतो. त्याच्या जेनेरिक प्रकारात दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरीत, म्हणजे या तपासणीच्या नोंदींच्या जागेत, जातो आणि मशीन साधारण तिपटीने मंदावतं. अशा कर्नलवर काढलेले वेगाचे आकडे निरुपयोगी.

माझ्या एका ड्रायव्हरचं असंच झालं. पर्फ या वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वर लॉक_अक्वायर हे फंक्शन दिसत होतं. लॉकवर (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या कुलपावर) गर्दी होतेय असं समजून मी एका मोठ्या लॉकचे चार लहान लॉक केले, तर आकडे आणखी बिघडले. ते फंक्शन लॉकडेपचं, म्हणजे लॉक वापरण्यातल्या चुका शोधणाऱ्या यंत्रणेचं होतं. लॉक वाढले तसं त्याचं कामही वाढलं. ‘प्रूव्ह लॉकिंग’ हा लॉकडेप चालू करणारा पर्याय बंद करून बिल्ड केल्यावर ते नाव यादीतून गेलं आणि खरा वेळ मेमरी कॉपी करण्यात जातोय हे कळलं. तेव्हापासून मी दोन कॉन्फिग फाइल आणि दोन आउटपुट डिरेक्टरी ठेवतो. दोन्हींना वेगळं लोकलव्हर्जन (आवृत्तीच्या नावाला जोडायची खूण) द्याच, नाहीतर एकाची मॉड्यूल्स (कर्नलला वेगळे जोडता येणारे भाग) दुसऱ्याच्या मॉड्यूल्सवर जाऊन बसतात.

पर्याय फाइलमध्ये लिहिला म्हणजे तो लागला, असं धरून चालू नका. ज्याच्या अटी पूर्ण होत नाहीत, तो पर्याय ओल्डडेफकॉन्फिग ही कॉन्फिग फाइल पूर्ण करणारी कमांड गुपचूप काढून टाकते. केसॅन आणि केसीसॅन (दोन थ्रेड एकाच डेटावर आदळल्याच्या चुका पकडणारं साधन) एकत्र चालत नाहीत. दोन्ही मागितलेत तर एकाची ओळच तयार फाइलमधून नाहीशी होते. म्हणून बिल्डच्या आधी तयार कॉन्फिग फाइलमध्ये ग्रेप मारून पर्यायाची ओळ शोधून पाहा. स्लबच्या (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाच्या) तपासण्यांचं आणखी वेगळं आहे: कोड कर्नलमध्ये असला तरी बूट पॅरामीटर (सुरू होताना कर्नलला दिलेली सूचना) दिल्याशिवाय त्या सहसा चालू होत नाहीत.

डीबग इन्फोमुळे (पत्ते आणि सोर्स जुळवायच्या माहितीमुळे) मॉड्यूल्स फुगतात, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) मोठं होतं आणि बूट पार्टिशन भरून जातं. मॉड्यूल्स बसवताना ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ १ ठेवा, म्हणजे ती माहिती बसवलेल्या मॉड्यूल्समधून निघून जाते. पण त्या बिल्डची व्हीएमलिनक्स फाइल (डीबग इन्फोसकट पूर्ण कर्नल) मात्र जपून ठेवा. क्रॅश डंप (कर्नल कोसळताना साठवलेली मेमरी) वाचायला नेमकी तीच लागते. तोच सोर्स वेगळ्या कॉन्फिगने पुन्हा बिल्ड केला तर पत्ते जुळत नाहीत. जीडीबी हा डीबगर जोडून ब्रेकपॉइंट लागत नसेल तर केएएसएलआरवर (दर बूटला कर्नलचे पत्ते बदलणाऱ्या सोयीवर) संशय घ्या आणि नोकेएएसएलआर देऊन बूट करून पाहा.

पर्फमध्ये कर्नलच्या फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्स पत्ते दिसले तर केपीटीआर_रिस्ट्रिक्ट (कर्नलचे पत्ते लपवणारी सेटिंग) तपासा. साध्या युजरला कर्नलच्या मोजणीचे नमुनेच मिळत नसतील तर पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड (पर्फ कुणाला काय मोजू देईल ते ठरवणारी सेटिंग) पाहा. त्याची मूळ किंमत २ असते आणि ती फक्त युजरस्पेस मोजू देते.

लॉकडेप पहिली चूक सापडली की स्वतःला बंद करतं. केसॅनही नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिलाच रिपोर्ट देतं. त्यामुळे एक इशारा दुरुस्त न करता पुढची चाचणी चालवली आणि लॉग शांत राहिला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लॉग नेहमी वरून वाचा. लॉगचा बफर लहान असेल तर नेमका तो पहिला रिपोर्टच पुसला जातो, म्हणून डीबग कर्नलला बूट करतानाच लॉग_बफ_लेन (त्या बफरचा आकार) वाढवून द्या.