संत्र्याचे कलम घेताय? आधी खुंट विचारा

मृग तोंडावर आला. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे आता कलमांच्या गाड्या सुटतील. शेतकरी कलमाची उंची बघतो, भाव पाडतो, गाडी भरतो. खाली खुंट कोणता, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर संत्र्याचा डोळा बांधला ते झाड कोणते, हे विचारतच नाही. बोअरचे पाणी खारे असेल तर बाग इथेच बसते.

पाण्याचा नमुना याच आठवड्यात काढा. पाऊस मुरला की तेच पाणी गोडसर निघते आणि अहवाल फसवतो. प्रयोगशाळेत क्षारतेबरोबर क्लोराइड आणि सोडियम वेगळे मागा. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता 1.7 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की संत्रावर्गीय झाडांचे उत्पादन घटू लागते.

खारेपण सोसणे मुख्यतः खुंटाच्या हाती. रंगपूर लाइम आणि क्लिओपात्रा या खुंटांची मुळे क्लोराइड पानापर्यंत फारसे जाऊ देत नाहीत. आपला नेहमीचा जंबेरी खुंट त्यात कच्चा. त्रिपर्णी (तीन पानांचा, ट्रायफोलिएट) खुंट सोडियम बराच अडवतो, पण क्लोराइड सोडतो. म्हणजे दोन्हींचे दरवाजे वेगळे, आणि ते सांभाळणारी जनुकेही अनेक. म्हणून ‘खारं पाणी चालते’ एवढ्या तोंडी हमीला अर्थ नाही.

याच खुंटांच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे उगवतात. बहुतेक हुबेहूब आईसारखी, एखादे संकरातले. त्या संकरित रोपात आईचा गुण उतरेलच असे नाही. वाफ्यात वेगळ्या पानाचे, फार खुजे वा एकदम उंच गेलेले रोप उपटायलाच हवे. रोपवाटिकावाला ते उपटतो का, वाफ्यापाशी उभे राहून बघा. पावतीवर खुंटाचे नाव लिहून घ्या. लिहीत नसेल तर दुसरीकडे जा.

बाकी नेहमीचे:
- अंतर 6 × 6 मीटर
- खड्डा 75 सेंमी लांब-रुंद-खोल
- डोळ्याचा जोड (खुंट आणि कलम जुळतात ती जागा) मातीच्या वर
- भारी काळ्या जमिनीत निचऱ्याचे चर
- मोठ्या झाडांच्या बुंध्याला पावसाआधी व नंतर बोर्डो पेस्ट: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर

उभ्या बागेत उन्हाळ्यात जुन्या पानांचे शेंडे जळून कड तांबूस झाली, की कृषी केंद्रवाला सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली पुढे करतो. त्याने क्लोराइड उतरत नाही. बोअरवरची झाडे करपलेली आणि विहिरीवरची हिरवी दिसली, तर माझा संशय आधी पाण्यावर. खात्री पान तपासूनच करा. तोवर म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचे खत बंद, त्यात जवळपास निम्मे क्लोराइडच असते. पालाश द्यायचेच तर सल्फेट ऑफ पोटॅशमधून. ते महाग आहे, पण त्या बाटलीचे पैसे तिकडे वळवा.