थँक्सगिव्हिंगचं जेवण: या चुका टाळा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण, उजाडला की आम्हा जुन्या मंडळींचे फोन वाजायला लागतात. अमेरिकेत नुकतं घर मांडलेलं कुणीतरी पहिल्यांदाच टर्की, म्हणजे कोंबडीहून कितीतरी मोठा पक्षी, करायला घेतलेलं असतं. टर्की आतून दगड आहे, ग्रेव्हीत गुठळ्या झाल्यात, बटाट्याचा डिंक झालाय. अनेक मोठी दुकानं त्या दिवशी बंद असतात किंवा लवकर बंद होतात, त्यामुळे ऐन वेळी बाजारातून आणून निभावून नेणं कठीण असतं. यातल्या निम्म्याहून अधिक चुका गुरुवारी घडतच नाहीत. त्या आदल्या शनिवार-रविवारी घडून गेलेल्या असतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गोठलेली टर्की उशिरा बाहेर काढणं. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक पूर्ण दिवस लागतो. म्हणजे १६ पौंडांची टर्की रविवारी सकाळपर्यंत फ्रीझरमधून खाली यायलाच हवी. कोंबडी रात्री काढून ठेवली की सकाळी मोकळी होते, तोच हिशोब लोक इथे लावतात आणि फसतात.

ओळखीच्या एका जोडप्यानं ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. २० पौंडांची टर्की मंगळवारी संध्याकाळी फ्रीजमध्ये ठेवली. गुरुवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा ती ओव्हनमध्ये होती, तंगड्या छान सोनेरी, आणि छातीत सुरी घातली तर टोकाला बर्फ. पोटातली मान आणि कलेजी-पेट्याची पिशवी तशीच आत चिकटलेली. मग कुणीतरी सुचवलं, ओव्हन वाढवा. ४५० अंश फॅरनहाइटवर कातडी काळी पडली, धुराचा अलार्म कोकलायला लागला, आतला बर्फ होता तिथेच. शेवटी टर्की बाहेर काढली, तंगड्या सांध्यातून वेगळ्या केल्या, छाती कापून दुसऱ्या ट्रेमध्ये घातली आणि ३२५ अंशांवर पुन्हा भाजली. तुकडे लहान झाल्यामुळे ती निदान शिजली तरी. पाहुणे तीनला आले होते, पानं रात्री वाढली. मुलं पावाचे रोल खाऊन झोपली होती.

गुरुवारी सकाळी टर्की अर्धवट गोठलेली सापडली तर पहिला उपाय हा: पिशवीसकट गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासानं पाणी बदला, आणि पौंडाला अर्धा तास धरा. गरम पाणी नको. बाहेरचं मांस कोमट होऊन त्यात जंतू वाढत राहतात आणि आत बर्फ तसाच असतो. अगदीच वेळ नसेल तर गोठलेलीच ओव्हनमध्ये घाला, पण ३२५ अंशांवर आणि नेहमीच्या दीडपट वेळ. तळायच्या तेलात मात्र ती कधीही सोडू नका. बर्फाची क्षणात वाफ होते, तेल उसळून ज्वाळेवर सांडतं आणि आग लागते. अमेरिकेत स्वयंपाकामुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षात सर्वाधिक याच दिवशी लागतात.

दुसरी चूक, थर्मामीटर न वापरणं. टर्कीत खोचलेलं प्लॅस्टिकचं बटण वर आलं म्हणजे झाली, यावर विसंबू नका. ते उशिरा उठतं आणि तोवर छाती कोरडी ठाक पडते. रंगावरून तर काहीच कळत नाही. छातीचा सर्वांत जाड भाग आणि मांडीची आतली बाजू, हाडाला न टेकवता, दोन्हीकडे १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन-तृतीयांश वेळ झाला की मी बघायला सुरुवात करते. पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर घ्यायचा कंटाळा करून साठ डॉलरची टर्की वाळवणाऱ्या लोकांचा मला खरंच राग येतो. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका, नाहीतर सगळा रस फळीवर वाहून जातो. तेवढ्या वेळात रिकाम्या ओव्हनमध्ये बाकीचे ट्रे गरम होतात.

टर्की नळाखाली धुऊ नका. जंतू धुऊन जात नाहीत, सिंकभर उडतात.

दही, हळद, तिखटाचा लेप आपल्याकडून हमखास लावला जातो. तीन-चार तासांच्या भाजण्यात वरचा मसाला करपून कडू होतो आणि दह्यामुळे कातडी कुरकुरीत होत नाही. मसाला हवाच असेल तर लोण्यात कालवून कातडीखाली सरकवा. मी मंगळवारी रात्री नुसतं मीठ चोळते आणि टर्की फ्रीजमध्ये उघडी ठेवते. त्यासाठी १४ पौंडांची टर्की शनिवारी सकाळीच खाली काढावी लागते. वेष्टनावर मिठाचं द्रावण घातल्याचं लिहिलं असेल तर मीठही चोळू नका.

आता मला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट. ‘टर्की सोडून बाकी सगळं शाकाहारी आहे’ असं सांगून पाहुण्यांना वाढलं जातं, आणि ते बहुधा खोटं असतं. स्टफिंगमध्ये, म्हणजे टर्कीबरोबरच्या पावाच्या सारणात, चिकनचा रस्सा असतो. ग्रेव्ही टर्कीच्या ट्रेमधल्या चरबीवर केलेली असते. रताळ्यांवरच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेला पदार्थ. ‘पाय’ (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाच्या तयार मिळणाऱ्या काही कवचांत डुकराची चरबी असते. कुणाच्या आईवडिलांनी आयुष्यभर पाळलेलं व्रत आपल्या आळसापायी मोडू नये. डबा वळवून मागची यादी वाचायला एक मिनिट लागतं. मी स्टफिंग भाज्यांच्या रश्शात, वेगळ्या ट्रेमध्ये करते. टर्कीच्या पोटात भरलं तर त्याचा मधला भागही १६५ अंशांवर जायला हवा आणि तोवर मांस वाळतं, म्हणून तेही टळतं. रताळ्यांवर पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि ब्राउन शुगर, ग्रेव्ही मश्रूमची. वाढायचे चमचेही वेगळे ठेवा.

बटाटे मिक्सरमध्ये फिरवू नका. स्टार्च सुटून चिकट लगदा होतो आणि तो दुरुस्त होत नाही. हातानं कुस्करा, लोणी आणि दूध गरम करून घाला.

ग्रीन बीन कॅसरोल, म्हणजे सुपात भाजलेल्या फरसबीच्या शेंगा, त्यावरचा तळलेला कांदा शेवटच्या पाच मिनिटांतच घाला. ही पाककृती १९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवली, डब्यातलं सूप वापरूनच. त्यामुळे ते सूप वापरायला लाजू नका आणि त्यात जिऱ्या-मोहरीची फोडणी घालू नका.

क्रॅनबेरी सॉस पातळ दिसतो म्हणून लोक आटवत बसतात. १२ औंस क्रॅनबेरी, एक कप साखर, एक कप पाणी, दहा मिनिटं. बेरी फुटल्या की गॅस बंद. फळात पेक्टिन भरपूर असतं, सॉस गार झाला की आपोआप घट्ट होतो.

पंपकिन पायमध्ये दोन डबे घोटाळा करतात. इव्हॅपोरेटेड मिल्क बिनसाखरेचं असतं, आपल्या ओळखीचं कंडेन्स्ड मिल्क गोड, आणि दुकानात दोन्ही शेजारी. तसंच नुसत्या भोपळ्याच्या गराचा डबा वेगळा आणि साखर-मसाला घातलेला ‘पाय मिक्स’ वेगळा. पाककृतीत जो सांगितलाय तोच घ्या. मध्यभाग थोडा हलत असतानाच पाय बाहेर काढा, नाहीतर गार होताना भेगा पडतात. हे काम बुधवारी उरका, गुरुवारी ओव्हन मोकळा मिळत नाही.

जेवणानंतर आपल्या गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि अन्न टेबलावरच राहतं. दोन तासांच्या आत टर्की हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत भरा आणि फ्रीजमध्ये टाका. पायही आत, त्यात अंडी-दूध आहे. टर्की तीन-चार दिवसांत संपणार नसेल तर शुक्रवारीच फ्रीझरमध्ये ठेवून द्या.