आखाजीच्या गाण्याचा बीट करताना या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीत बाया झोक्यावर बसून गातात. त्या आवाजाला ड्रम्स आणि बास जोडून मी पहिला बीट केला आणि मोठ्या मायला ऐकवला. ती म्हणाली, "मन्हा आवाज कथा गया रे?" (माझा आवाज कुठे गेला रे?) चूक कुठे झाली ते शोधायला मला महिना लागला.

गाणं ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान ठोक्यांच्या आखणीला, बांधणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. बाया मेट्रोनोमवर गात नाहीत. ८४ बीपीएमला (मिनिटाला ८४ ठोके) सुरू झालेलं गाणं शेवटच्या कडव्यात ९१ वर पोचतं, कारण झोका रंगात आलेला असतो. मी ठोक्याठोक्याला वार्प मार्कर (आवाज ताणून ग्रिडवर बसवणाऱ्या खुणा) लावले. आवाज पाण्यातून आल्यासारखा झाला आणि झोकाच गेला. आता मी ओळीओळीनं कापतो. ओळीची पहिली ठाम मात्रा ग्रिडवर बसवतो, बाकीची ओळ आहे तशी सोडतो. ड्रम्सनीच तिच्या चालीनं चालायचं. कापल्या जागी 'टक्' ऐकू आलं तर पाच मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) पुरतो.

सूर लागत नाही म्हणून लगेच ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लावू नका. बायांनी आपल्या गळ्याला सोसेल तो सा धरलेला असतो, तो कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधेही पडतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो ३० सेंट वर होता (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे एक सेमीटोन, १०० सेंटचं). मी बास ३० सेंट चढवला, गळ्याला हात लावला नाही.

गाणं अचानक संथ आणि जड वाटतंय? ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) फाईल ४४.१ ची समजून वाजत असेल. पट्टी जवळपास दीड सेमीटोन उतरते.

ढोल रेकॉर्ड करताना लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, २४ बिटमध्ये. लेव्हल जास्त होऊन फाटलेला ढोलाचा आवाज नंतर कशानंच शिवता येत नाही.

आणि पारंपरिक गाणं म्हणजे फुकटचं, हा समज सोडा. गाणं सगळ्यांचं असलं तरी बाजारातल्या कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतं. आपल्या कायद्यात तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून मी स्वतःच रेकॉर्ड करतो, तेही आधी विचारून. बीट झाला की पहिल्यांदा गाणाऱ्या बायांना ऐकवतो. एक बीट त्यांनी नको म्हटला. गौराईला निरोप देतानाचं गाणं होतं ते. ती फाईल मी कुणालाच दिलेली नाही.